आमची वाटचाल : चिप बदलल्या, यंत्र तेच

२०१२ साली आम्ही दोघांनी कामाला सुरुवात केली तेव्हा हातात एकच उत्पादन होतं. शीतगृहातलं तापमान आणि आर्द्रता दर पाच मिनिटांनी नोंदवून ठेवणारं छोटं यंत्र. आज आम्ही सहा जण आहोत आणि मुख्य उत्पादन अजूनही तेच आहे. डबा जवळपास तसाच, सेन्सरची वायर तशीच. आतली चिप मात्र तीन वेळा बदलली आणि ती ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे बोर्ड, तयार कोड आणि साधनांच्या संचावर, प्रोग्राम करायची ते त्याहून जास्त वेळा. हे यंत्र औषधांच्या गोदामात आणि रक्तपेढीत बसतं. तिथला माणूस ते एकदा भिंतीवर लावतो आणि दहा-बारा वर्षं तिकडे बघावं लागू नये एवढीच त्याची अपेक्षा असते. प्लॅटफॉर्मचं आयुष्य मात्र कधी कधी पाच वर्षंही नसतं. आमची सगळी वाटचाल या दोन आकड्यांमधल्या अंतरातून झाली आहे.

पहिला नमुना आर्डुइनो या तयार बोर्डावर उभा केला. २००५ साली इटलीतल्या इव्रेआमध्ये विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या त्या बोर्डाने आम्हाला दोन दिवसांत सेन्सर वाचायला आणि मेमरी कार्डावर नोंदी लिहायला शिकवलं. त्याला कोणी खेळणं म्हटलं की मला आजही वाईट वाटतं. विक्रीचा माल करताना आम्ही आर्डुइनोतलीच एटीमेगा३२८ चिप आमच्या स्वतःच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, घेतली. प्रोग्राम ठेवायला ३२ केबी फ्लॅश मेमरी, तो चालताना वापरायला २ केबी रॅम. एवढ्याशा जागेत संसार करावा लागला, त्यामुळे प्रत्येक बाइट कुठे जातो हे पाहायची सवय लागली. त्या पहिल्या खेपेतली कित्येक यंत्रं अजून चालू आहेत.

२०१५ मध्ये गिऱ्हाइकांना नोंदी वायरीशिवाय हव्या झाल्या. आम्ही ३२ बिटच्या कॉर्टेक्स-एम४ चिपवर गेलो आणि सोबत एक तयार रेडिओ मॉड्यूल घेतलं. मॉड्यूलबरोबर लायब्ररी, म्हणजे तयार कोड, मिळाली ती आधीच कंपाइल केलेली, म्हणजे आत काय आहे ते दिसत नाही, फक्त वापरायची. उदाहरणं सुबक होती, मदतीला माणसं तत्पर होती. आम्ही निर्धास्त झालो. दीड वर्षात ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, मॉड्यूल यादीतून गेलं आणि आमच्या पत्रांना उत्तरं येणं थांबलं.

नेमकं तेव्हाच एका गोदामातून तक्रार आली, की यंत्र मधूनच मुकं होतं. बंद करून चालू केलं की पुन्हा बोलायला लागतं. आम्ही दोन यंत्रं टेबलावर ठेवली आणि वाट पाहिली. महिना गेला, काही नाही. पन्नासाव्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर दोन्ही गप्प. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांनी रेडिओ थांबला होता. त्या आकड्याने सगळं सांगितलं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन शून्यावर येतो तो बरोबर इतक्याच वेळाने. त्या बंद लायब्ररीत कुठेतरी आधीच्या आणि आताच्या वेळेची तुलना चुकीची लिहिली होती. दुरुस्ती एका ओळीची, पण ती ओळ आमच्या हातात नव्हती. शेवटी दर तीस दिवसांनी रेडिओ आपणहून बंद-चालू होईल अशी सोय केली आणि गावोगावी जाऊन प्रत्येक यंत्रात नवं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, टाकलं. ती सोय मला कधीच आवडली नाही. रोगाचं नाव माहीत असून मलमपट्टी करण्यासारखं ते होतं.

त्यानंतर आम्ही फर्मवेअरची मांडणीच बदलली. चिपशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला, त्याच्या सीमेला आमच्याकडे ‘उंबरठा’ म्हणतात. वेळ सांगणं, सेन्सर वाचणं, नोंद साठवणं, नोंद पाठवणं, झोपणं, जागं होणं अशी अकरा फंक्शनं उंबरठ्यावर आहेत. आतला सगळा प्रोग्राम, म्हणजे धोक्याची सूचना कधी द्यायची, नोंद कशी तपासायची, सेन्सर बिघडला हे कसं ओळखायचं, फक्त या अकरांशी बोलतो. उंबरठ्याबाहेर कोणाची चिप आहे, कोणाचा एसडीके (चिप कंपनीने दिलेला कोड आणि साधनं) आहे हे आतल्याला ठाऊक नसतं. आतला भाग साध्या संगणकावरही कंपाइल होतो आणि तिथेच रोज रात्री त्याच्या चाचण्या चालतात. थोडा वेग जातो, थोडी मेमरी जाते. ती किंमत आम्ही आनंदाने मोजतो.

२०२१ मध्ये या मांडणीची परीक्षा झाली. चिपचा तुटवडा सगळ्या जगाला जाणवत होता आणि आमच्या चिपचा माल मिळायची मुदत वर्षाच्या पुढे गेली. एका विक्रेत्याकडे माल निघाला, छाप अगदी बरोबर, म्हणून घेतला. चिपच्या आत डोकावणारा डिबगर लावला तर चिपचा ओळख क्रमांक जुळेना. नक्कल होती. प्रोग्राम चालत होता, पण झोपेतला करंट कितीतरी जास्त, म्हणजे बॅटरी निम्म्या काळात संपणार. आम्ही तो माल बाजूला काढला आणि वेगळ्याच कंपनीच्या, हाताशी उपलब्ध असलेल्या चिपवर जायचं ठरवलं.

आतला प्रोग्राम तीन दिवसांत नव्या बोर्डावर चालू झाला. मला वाटलं, जिंकलो. पुढचे तीन महिने उंबरठ्याबाहेरच्या गोष्टींत गेले. जुन्या चिपची फ्लॅश २ केबीच्या पानांनी पुसली जायची, नवीची ४ केबीच्या सेक्टरने. पुसताना वीज गेली तर आता दुप्पट नोंदी जाणार. शिवाय नव्या चिपमध्ये प्रोग्राम बाहेरच्या फ्लॅशमधूनच चालतो, रास्पबेरी पायच्या आरपी२०४० चिपमध्ये चालतो तसा. म्हणजे सेक्टर पुसला जात असताना त्या फ्लॅशमधला कोड वाचता येत नाही. साधारण पन्नास मिलिसेकंद, वाईट वेळी त्याच्या कितीतरी पट, इंटरप्ट, म्हणजे बाहेरून चिपला येणाऱ्या हाका, बंद ठेवावे लागतात. तेवढ्यात सेन्सरचा निरोप आला तर तो हुकतो. शेवटी नोंदी साठवायला आधी पुसावी न लागणारी, वीज गेली तरी नोंद धरून ठेवणारी वेगळी एफरॅम चिप घातली. सहज पोर्ट होतं, म्हणजे एका चिपवरून दुसरीवर जातं, असं जे म्हणतात, ते फंक्शनांच्या नावांपुरतं खरं असतं. वेळ, वीज आणि मेमरीचं वागणं ज्याच्या त्याच्या सिलिकॉनचं असतं.

आता नवीन गिऱ्हाईक, विशेषतः तरुण इंजिनिअर, विचारतात की कोणता प्लॅटफॉर्म टिकेल. गेल्या काही वर्षांत किती घरांचे मालक बदलले ते मी त्यांना सांगतो. एटीमेगा चिप बनवणारी अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली. आर्डुइनोच्या नावाने २०१५ मध्ये दोन कंपन्या भांडत होत्या, २०१६ मध्ये समेट झाला, आणि २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो घेत असल्याचं जाहीर केलं. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला फ्रीआरटीओएस (आरटीओएस म्हणजे लहान चिपवरची कामं वेळेत चालवणारी प्रणाली) २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या छत्राखाली आला. तशीच दुसरी प्रणाली थ्रेडएक्स २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आणि २०२३ मध्ये तिथून एक्लिप्स फाउंडेशनकडे. एम्बेड या आर्म कंपनीच्या प्लॅटफॉर्मच्या अखेरीची तारीख, जुलै २०२६, कंपनीने दोन वर्षं आधी सांगून टाकली.

या यादीतून लोक घाबरतात, पण मला तिच्यात दिलासाही दिसतो. फ्रीआरटीओएस आणि थ्रेडएक्स दोन्ही आज एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहेत. मालक बदलला तरी माझ्या डिस्कवरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कोणी परत मागू शकत नाही. अ‍ॅटमेलच्या जुन्या एव्हीआर चिप (एटीमेगा त्यातलीच) नव्या मालकाकडे आजही बनतात. घर विकलं जाणं वेगळं आणि घराला कुलूप लागणं वेगळं. म्हणून मी मालकाचं नाव नंतर पाहतो. आधी पाहतो, की सोर्स मिळतो का, ऑफलाइन बिल्ड होतं का, म्हणजे नेटशिवाय सोर्सपासून फर्मवेअर तयार होतं का, खात्यात लॉगिन न करता कंपायलर चालतो का, आणि चिप किती वर्षं बनणार हे लेखी दिलं आहे का. चिप बनवणारी एसटी ही कंपनी आपल्या एसटीएम३२ चिपसाठी दहा वर्षांची हमी देते आणि ती पुढे सरकवत राहते. रास्पबेरी पायने आरपी२०४० किमान जानेवारी २०४१ पर्यंत बनवू असं सांगितलं आहे. ईएसपी चिपच्या ईएसपी-आयडीएफ या एसडीकेच्या प्रत्येक आवृत्तीला तीस महिन्यांचा आधार असतो. चिप बारा वर्षं मिळेल पण तिच्या एसडीकेची आवृत्ती अडीच वर्षांत जुनी होईल, हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत. नवखे लोक ते एकत्र धरतात आणि फसतात.

२०२४ पासून रेडिओ असलेली नवी यंत्रं आम्ही झेफर या आरटीओएसवर करतो. लिनक्स फाउंडेशनखाली २०१६ पासून चाललेला हा प्रकल्प अनेक चिप कंपन्या मिळून वाढवतात, त्यामुळे एकीने अंग काढलं तरी गाडा चालू राहील असं मला वाटतं. शिकायला जड आहे. डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलं आहे त्याचं वर्णन, समजेपर्यंत आमच्या फर्मवेअर लिहिणाऱ्या मुलीने दोन महिने डोकं धरलं होतं. आवृत्ती बदलली की काहीतरी मोडतं, म्हणून आम्ही दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती धरून बसतो आणि उंबरठा तिथेही काढलेला नाही. बिनरेडिओच्या साध्या यंत्रात मात्र आरटीओएसच नाही. एक लूप, दोन इंटरप्ट. ज्याला गरज नाही त्याच्या डोक्यावर ओझं घालू नये.

दोन वर्षांपूर्वी एका रक्तपेढीच्या बाईंनी करारावर सही करताना विचारलं, “तुम्हीच बंद झालात तर आम्ही काय करायचं?” मी इतकी वर्षं चिप कंपन्यांना जो प्रश्न विचारत होतो तोच त्यांनी मला विचारला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासाठी आम्हीच प्लॅटफॉर्म होतो, सहा माणसांचा. आता प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही सर्किट, सोर्स आणि बिल्डची साधनं सीलबंद पेटीत देतो. आमचं काम थांबलं तर त्यांनी ते उघडावं, असं करारात लिहिलेलं आहे.

पण दिलेल्या पेटीतून खरंच यंत्र तयार होतं का, हे कोण बघणार? म्हणून दर जानेवारीत एक कोरा संगणक घेतो, नेट बंद करतो आणि २०१२ पासूनच्या प्रत्येक उत्पादनाचं फर्मवेअर पेटीतल्या साधनांनी पुन्हा बिल्ड करतो. पहिल्या वर्षी सगळ्यात जुन्या यंत्राची फाइल तेव्हाच्या मूळ फाइलशी जुळली नाही. आकार तोच, पण मधले काही बाइट वेगळे. दोन दिवस आम्ही कंपायलरवर संशय घेत होतो. मग भागीदाराने दोन्ही फाइली शेजारी उघडल्या आणि वेगळे बाइट अक्षरांत वाचले. कंपाइल केल्याची तारीख आणि वेळ होती ती, मीच २०१२ मध्ये हौसेने पडद्यावर दाखवायला घातलेली. संगणकाचं घड्याळ त्या तारखेला नेऊन पुन्हा बिल्ड केलं. एक सेकंदाचा फरक उरला, तोही तिसऱ्या खेपेला गेला, आणि दोन्ही फाइली शेवटच्या बाइटपर्यंत जुळल्या.