बाटलीतली घोरपड

मे महिन्यात नागपुरात तूप धुणं ही शिक्षाच. दुपारी टाकीच्या नळाला येतं ते पाणी अंघोळीलाही सोसवत नाही, त्यात तूप घोटायला घेतलं तर ते विरघळूनच जातं. म्हणून त्वचेला लावायच्या शतधौत घृताच्या वर्गाला मी माठाचं पाणी आणि बर्फ घेऊन बसले होते. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घालायचं. असं शंभरदा.

तूप पांढरं पडू लागलं तेवढ्यात महाल भागातल्या एका काकूंनी पर्समधून चपटी बाटली काढली.

"मॅडम, हे पन मिसळून द्या ना ह्याच्यात. घोरपडीचं तेल हाय. गुडघ्याले लावून राहिली मी, चेहऱ्याले बी चालते म्हने."

आठवडी बाजाराबाहेर पाल टाकून बसलेल्या एकाकडून सहाशे रुपयांना घेतलेलं. समोर कढईत चरबी कढत होती, म्हणून अस्सल!

दोघी-तिघी मागे सरकल्या, बाकीच्या वास घ्यायला पुढे आल्या.

मी एलआयटीत, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, तेलं आणि चरब्याच शिकले. प्राणिज म्हणून मला वर्ज्य काही नाही. मधमाश्यांचं मेण, लोकरीतून निघणारं लॅनोलिन, सगळं वापरते आणि वापरलं की सांगते. इतवारीतल्या माझ्या जैन गिऱ्हाइकांना तर मेणही चालत नाही. पण ह्या बाटलीला नुसता निलगिरीचा भपकारा होता, चरबीचा वास कुठेच नाही.

चरबी गायीची असो, मेंढीची की घोरपडीची, कॉस्टिक सोड्याशी तिचा साबण होतो. खनिज तेलाचा होत नाही. मी हातमोजे चढवले. एका परीक्षानळीत थोडं तूप, दुसरीत काकूंचं तेल, दोन्हींत स्पिरिटमध्ये विरघळवलेलं कॉस्टिक, आणि नळ्या गरम पाण्याच्या पातेल्यात. गॅस अर्थातच बंद, स्पिरिट आहे ते. काही वेळानं दोन्हींत पाणी घालून हलवलं. तुपाच्या नळीत तोंडापर्यंत फेस आला. दुसरीत पाणी दुधाळ झालं आणि थोड्या वेळानं तेलाचा थर जसाच्या तसा वर येऊन बसला.

"म्हंजे?"

"म्हणजे पॅराफिन, काकू. खनिज तेलच, रंग आणि निलगिरी घातलेलं."

"फसवलं मेल्यानं! मंग माहा गुडघा कसा काय थांबला दुखाचा?"

"रोज किती वेळ चोळता?"

"पंधरा-वीस मिनिटं तरी."

"मग तेच."

काकूंना सहाशे रुपयांची हळहळ सुटेना. मी सांगितलं, घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचं तेल खरं निघालं असतं तर मला वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करावा लागला असता, आणि शिक्षा किमान ३ वर्षं कैदेची आहे.

"बाप्पा!" काकूंनी बाटली पर्समध्ये घातली. "खोटं निघालं थेच बरं झालं मंग. पन त्या मेल्याले सोडत नाही मी, पैसे वापस घेतो."