मोपा की दाबोळी? आधी ड्रॉपडाउन, मग वर्कफ्लो

गोव्यात होमस्टे किंवा व्हिला चालवणाऱ्यांच्या सीआरएममध्ये (पाहुणे आणि बुकिंगच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'पाहुणे कुठे उतरणार' हा रकाना असतोच. तो मोकळा ठेवला की त्यात मोपा, मनोहर एअरपोर्ट, नॉर्थ गोवा एअरपोर्ट, न्यू एअरपोर्ट असं काहीही येतं. आपल्याला कळतं की हे सगळं एकच. वर्कफ्लोला, म्हणजे अटींनुसार आपोआप कामं लावणाऱ्या मांडणीला, मात्र ही चार वेगळी ठिकाणं वाटतात, आणि मोपाला जायची गाडी निघतच नाही किंवा भलतीकडे, गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावर दाबोळीला जाते.

खालची मांडणी हबस्पॉट या सीआरएममधली आहे. वर्कफ्लोसाठी त्याचा प्रोफेशनल किंवा वरचा प्लॅन लागतो, हे आधीच बघून घ्या.

सेटिंग्जमध्ये प्रॉपर्टीज (म्हणजे नोंदीतले रकाने, फील्ड), तिथे क्रिएट प्रॉपर्टी. पहिलाच प्रश्न असतो हे फील्ड कुठल्या ऑब्जेक्टवर (नोंदीच्या प्रकारावर) हवं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. सवयीने कॉन्टॅक्ट निवडला जातो. पण तोच पाहुणा डिसेंबरात विमानाने मोपाला येईल आणि पुढच्या पावसात कोकण रेल्वेने थिवीला. आगमन हे माणसाचं नसतं, बुकिंगचं असतं. म्हणून डील निवडा; इथे एक डील म्हणजे एक बुकिंग. प्रकार ड्रॉपडाउन सिलेक्ट. प्रॉपर्टीचं अंतर्गत नाव एकदा जतन झालं की बदलता येत नाही, तेव्हा ते साधं ठेवा. दिसणारं लेबल कधीही बदला, त्याने काही बिघडत नाही.

पर्याय किती ठेवायचे? ज्याच्यामुळे पुढचं काम बदलत नाही, तो पर्याय यादीत नको. मोपा, दाबोळी, मडगाव स्टेशन, थिवी स्टेशन, स्वतःच्या गाडीने, इतर. एवढे सहा पुरतात. करमळीला उतरणारे बरेच असतील तर सातवा. विमान कंपनीची नावं इथे घुसवू नका, ती वेगळ्या फील्डात. जुना एक्सेल आयात करण्याआधी तो रकाना फिल्टर करून सगळी स्पेलिंगं एकसारखी करून घ्या. पर्यायाशी न जुळणारी नोंद आयातीत चूक म्हणून बाहेर पडते.

आता वर्कफ्लो, अर्थात डीलवरचा. ट्रिगरला (वर्कफ्लो सुरू व्हायला) दोन अटी: डील 'बुकिंग पक्कं' टप्प्यावर, आणि आगमनाची तारीख भरलेली. मग तारखेच्या एक दिवस आधी सकाळी १० पर्यंत थांबा. फाटे, म्हणजे ठिकाणानुसार वेगळ्या वाटा, त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. फाटा आधी टाकला तर मोपा असतानाच डील मोपाच्या वाटेला लागते. नंतर पाहुण्याने तिकीट बदलून दाबोळी केलं तरी टास्क मोपाचाच तयार होतो. थांबा आधी असेल तर फाट्यावर पोहोचताना रकान्यात असलेलं ताजं ठिकाण बघितलं जातं.

विमानतळ आणि स्टेशनांच्या फाट्यांवर गाडी ठरवणाऱ्याला टास्क. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना लोकेशनचा ईमेल. 'इतर' आणि रिकामा रकाना या दोन्हींसाठी 'पाहुण्याला फोन करा' असा टास्क हवाच. नाहीतर असे लोक वर्कफ्लोतून गुपचूप बाहेर पडतात आणि विमानतळावर उतरल्यावर तुम्हाला फोन लावतात.

आज बुकिंग, उद्या सकाळी आगमन, अशांसाठी हा थांबा कामाचा नाही. तारीख जवळ असेल तर थेट टास्क देणारा वेगळा वर्कफ्लो करा, आणि वरच्यात ती बुकिंगं येणार नाहीत अशी अट घाला. सीझनमध्ये अशी बरीच येतात.

रि-एनरोलमेंट (तीच डील पुन्हा वर्कफ्लोत घेणं) मुळात बंद असते, म्हणजे एक डील वर्कफ्लोत एकदाच शिरते. टास्क निघून गेल्यावर ठिकाण बदललं तर काहीच होत नाही. त्यासाठी फक्त आगमनाचं फील्ड बदललं की टास्क देणारा छोटा वर्कफ्लो बरा. मोठ्यात रि-एनरोलमेंट चालू केली की दुहेरी टास्कांचा गोंधळ होतो.

खात्याचा टाइम झोन भारताचा आहे ना, ते पाहा, नाहीतर सकाळचे १० भलत्याच वेळी वाजतील. शेवटी चालू करताना सध्याच्या नोंदीही घ्यायच्या का, असं विचारलं जातं. 'नाही' म्हणा. गेल्या सीझनच्या पाहुण्यांसाठी आज ड्रायव्हर शोधायचा नाहीये. आधी एका खोट्या डीलवर मोपा, मग इतर, मग रिकामा, असं तिन्ही करून बघा.