रोजची भाकर, जुबातली

दर रविवारी मी दोनदा उपासनेला बसतो. पहिली सकाळी सहाला. जालन्यात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना सुरू होते. आई दुसऱ्या बाकावर बसते आणि मोबाइल मांडीवर उताणा ठेवते, त्यामुळे मला दिसतो तो फक्त छताचा पंखा. पण पेटी ऐकू येते, झांज ऐकू येते, मधूनच कुणाचं तरी लेकरू रडतं. दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, मच्छरदाणीत बसून मी त्या पंख्याकडे बघत गीतं म्हणतो. दुसरी उपासना इथली. पत्र्याच्या छपराखाली, ढोलावर, तीन-तीन तास चालणारी.

गेल्या महिन्यात इथल्या पाळकांनी मला उभं केलं. म्हणाले, प्रभूची प्रार्थना तुझ्या भाषेत म्हण. शब्बाथशाळेत असल्यापासून पाठ आहे, झोपेतही चुकणार नाही. सुरुवात केली. पण ‘आमची रोजची भाकर’ इथे आलो आणि पुढचा शब्द निघेना. सगळी मंडळी शांत. ती जणू मला वेळ देत थांबली होती.

त्याचं कारण दोन दिवसांपूर्वीचं होतं.

माझं काम पाण्याचं. छावण्यांमध्ये टाक्या, पाइप, नळ बसवायचे आणि पाण्यात क्लोरीन बरोबर आहे की नाही ते तपासायचं. त्या दिवशी धान्यवाटपाच्या मैदानावर नळ बसवायला गेलो होतो. वाटपात आली होती ज्वारी. पन्नास-पन्नास किलोची पोती. एक पोतं फाटलं, थोडी ज्वारी मातीत सांडली. वाटप संपलं, गाड्या गेल्या, गर्दी पांगली. मग एक बाई आली, उकिडवी बसली आणि मातीतून एकेक दाणा वेचायला लागली. खांद्यावर गाठ मारलेल्या कापडाचं टोक तिनं पुढं ओढून ओटी केली होती. फुंकर मारायची, खडा टाकायचा, दाणा ओटीत. तासभर ती हलली नाही.

आमच्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. ज्वारीची काढणी झाली की रानात राहिलेली कणसं वेचायला बाया जायच्या. माझी आजीसुद्धा. मराठी बायबलमध्ये रूथच्या गोष्टीत हाच शब्द आहे. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते. परमुलुखातली, विधवा, सासूचा हात धरून आलेली बाई. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. त्या मैदानावर ती मला पहिल्यांदा दिसली.

पाण्याच्या कामात मी कसा आलो, असं लोक विचारतात. माझी पणजी मांगवाड्यातली. गावच्या विहिरीत पोहरा सोडायची तिला मुभा नव्हती. घागर काठाजवळ ठेवून उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. ही गोष्ट आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा नाही, पण हातातलं काम थांबायचं. त्याच्याही आधी, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री जालन्यात येऊन मिशनच्या कामाला लागले होते. स्वतः जन्माने ब्राह्मण. निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. आमचं घराणं त्यानंतर दोन पिढ्यांनी मंडळीत आलं. बाप्तिस्म्याने विहीर लगेच मोकळी झाली, असं मात्र कुणी सांगू नये. तसं झालं नाही. पण प्रभुभोजनाच्या वेळी एकाच प्याल्याला ओठ लावायला मिळाले, ते माझ्या पणजीने मरेपर्यंत बोलून दाखवलं.

म्हणून ‘दर माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत’ हे मदतकार्यातलं मानक मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला पणजीची ती घागर आठवली. या मानकात जात नाही. रांगेत उभं राहायचं, तोटी फिरवायची, पाणी येतं.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. मी अकरा वर्षांचा होतो. सकाळी बातमी आली तसं आमच्या गल्लीत प्रत्येक घरात भाकरी थापायला लागले. मंडळीतल्या घरांत आणि शेजारच्या घरांतही. जुन्या धोतरांत बांधलेल्या भाकरींची गाठोडी घेऊन बाबा ट्रकमध्ये चढले. आठ दिवसांनी परत आले. कितीतरी दिवस नीट बोलले नाहीत. तिथं काय प्रार्थना केली असं विचारलं, तर म्हणाले, “ढिगारा उपसायलो होतो, लेका. तीच.”

हे उत्तर मला पुढं फार उपयोगी पडलं. गावी गेलो की काहीजण दबक्या आवाजात विचारतात, तिकडं बाटवायला जाता का? आणि मंडळीतले काही वडीलधारे उलट विचारतात, इतक्या लोकांत जातोस आणि सुवार्ता का सांगत नाहीस? दोघांनाही मी एकच सांगतो. रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांची १९९४ पासून आचारसंहिता आहे. मदत गरजेनुसार द्यायची आणि मदतीआडून कोणताही धर्म पुढे रेटायचा नाही. मला हे बंधन वाटत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी देताना त्याच्याकडून होकार मागायचा, याची मला मनापासून चीड आहे. ओतणाऱ्याच्या मर्जीवर उभं राहणं काय असतं, ते आमच्या घराला माहीत आहे.

बांगलादेशात, कुतुपालोंगच्या रोहिंग्या छावणीत, रविवार कामाचा दिवस. सुट्टी शुक्रवारी. तिथे पाण्याला ‘फानी’ म्हणतात. एक म्हातारेबुवा नळाचं पाणी घेईनात, औषधाचा वास येतो म्हणून. मी काचेच्या नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली, ते गुलाबी झालं ते दाखवलं, आणि मग तोटीखाली ओंजळ धरून प्यायलो. त्यांनी विचारलं, मुसलमान का? मी म्हटलं, नाही, ख्रिस्ती. थोडा वेळ बघत राहिले, “ईसा नबी” एवढं म्हणाले आणि कळशी पुढे केली.

जॉर्डनमध्ये असताना एकदा सुट्टी काढून यार्देन नदीवर गेलो. लहानपणी गीतांमधून ऐकलेली यार्देन माझ्या मनात पैठणच्या गोदावरीएवढी रुंद होती. प्रत्यक्षात गढूळ, अरुंद पाणी, दगड मारला तर पलीकडे पडेल. वरच्या बाजूलाच पाणी वळवून नेलेलं. आमची जालन्याची कुंडलिका नदी आठवली. काठावर बसून खूप रडलो. लहानसं पात्र बघून विश्वास डळमळला, असं नव्हतं. आपल्या गावच्या नदीसारख्या नदीत येशू बाप्तिस्म्याला उतरला होता, हे पहिल्यांदा खरं वाटलं.

तर त्या रविवारी मी प्रार्थना कशीबशी पूर्ण केली. उपासनेनंतर आमच्या मुक्कामावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. इथे वयाने मोठ्या बाईला आदराने ‘मामा’ म्हणतात. मामांनी जेवायला बसवलं. त्या किसरा करत होत्या. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवायचं, तव्यावर ओतून पट्टीने सारवल्यासारखं पातळ पसरायचं. सोबत भेंडीचं कालवण. मी आईला व्हिडिओ लावून दिला.

“काय खायलास रे?”

“ज्वारीची भाकर.”

“इतकी पातळ? आंबट हाय का?”

“हाय.”

“मग आपल्या आंबिलीची बहीणच की.” आणि मामांकडे बघून मोठ्याने, जणू मोठ्याने बोललं की मराठी कळतं, “लेकराला पोटभर वाढा बाई!”

मामांनी मला विचारलं, सकाळी तू कोणत्या शब्दावर अडलास? मी सांगितला. त्यांनी तो दोन-तीनदा घोळवला. ‘भ’ काही जमेना. “बाकर,” त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची गरम किसरा उचलून माझ्या ताटात टाकली.