चौकटीतली थोरली

कराडला सोमवार पेठेत आमचे घर होते आणि त्या घराच्या माजघरात, फडताळाच्या वरच्या भिंतीवर, एका बाईची तसबीर टांगलेली होती. ती आमच्या आजीची नव्हती, कारण आजी तेव्हा चांगली धडधाकट होती आणि बहुतेक वेळा त्याच तसबिरीखाली पाय पसरून लसूण सोलत बसलेली असे. तसबीर होती अण्णांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, पहिल्या बायकोची. 1946 साली विषमज्वराने ती गेली, तेव्हा थोरले काका वर्षाचे होते. पुढे दोन वर्षांनी आजी लग्न होऊन या घरात आली, तिला चार मुले झाली, आणि पाचही भावंडे एकाच ताटातली असल्यासारखी वाढली. एवढाच इतिहास आम्हा नातवंडांना ठाऊक होता. तसबिरीतल्या बाईला आम्ही थोरली आजी म्हणत असू. नाकात नथ, अंगावर बहुधा लग्नातला शालू आणि ओठ असे घट्ट मिटलेले की, फोटोवाल्याने 'हलू नका' म्हणून सांगितल्यावर तिने ती आज्ञा कायमची पाळली असावी असे वाटे.

1995 साली झी टीव्हीवर 'हम पांच' सुरू झाली. आनंद माथुर नावाचा एक मध्यमवर्गीय गृहस्थ, त्याची दुसरी बायको बीना, पाच मुली आणि भिंतीवरच्या चौकटीतून बोलणारी दिवंगत पहिली बायको, असे त्या मालिकेतले कुटुंब होते. इतरांच्या घरी ही चौकट म्हणजे लेखकाची गंमतशीर कल्पना ठरली असेल. आम्हाला मात्र ती समजून घेण्यासाठी फक्त मान वर करावी लागत होती.

झी टीव्ही खरे तर 1992 च्या ऑक्टोबरातच सुरू झाला होता, परंतु केबल आमच्या पेठेत यायला आणि आल्यावर अण्णांनी ती घ्यायला मध्ये तीन वर्षे गेली. केबलवाल्याने तीन गच्च्यांवरून ओढत आणलेली काळी वायर माजघराच्या खिडकीतून आत घेतली, त्यामुळे ती खिडकी पुढे कधीही पुरती लागली नाही आणि प्रत्येक पावसाळ्यात खालचे धान्याचे डबे सरकवावे लागले. टीव्ही सोप्यात ठेवला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण बसकण मारील, या भीतीने तो माजघरात ठेवला गेला, आणि त्या खोलीत जागा उरली होती ती तसबिरीच्या बरोबर समोरच्या भिंतीशी. आम्ही सगळे मान तिरपी करून, खांबाआडून, एकमेकांच्या डोक्यांवरून टीव्ही पाहत असू. थोरल्या आजीला तेवढा तो अगदी सरळ दिसे.

अशोक सराफ हिंदीत बोलताना पाहणे हा आमच्या घरातला पहिला सोहळा होता. मराठी चित्रपटांमुळे हा माणूस आपल्या घरचाच आहे अशी आमची समजूत होती, आणि तो आता साऱ्या देशासमोर दोन बायका व पाच मुली यांच्यामध्ये सापडला आहे, याचा अभिमान आणि काळजी दोन्ही आम्हाला वाटत असे. आनंद माथुर चौकटीकडे पाहून बोलू लागला की तो एकाच वेळी अपराधी नवरा, वैतागलेला बाप आणि कुणीतरी ऐकून घेणारे भेटलेला माणूस असा तिहेरी दिसे. हे सारे डोळ्यांच्या एका हालचालीत करण्याची अशोक सराफ यांची हातोटी मला तेव्हा कळत नव्हती, पण हसू बरोबर त्याच जागी येत असे. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला त्यांचे मोठमोठे चित्रपट आठवले नाहीत. मान वर करून भिंतीशी बोलणारा तो गृहस्थच आठवला.

मुलींविषयी थोडक्यात सांगते, कारण त्या सर्वांच्याच लक्षात आहेत. स्त्रीमुक्तीवाली मीनाक्षी, पुस्तकात बुडालेली आणि ऐकायला कमी येणारी राधिका, सौंदर्याच्या स्वप्नात वावरणारी स्वीटी, मुलासारखी राहणारी आणि टपोरी हिंदी बोलणारी काजलभाई, आणि सर्वांत धाकटी छोटी. पहिल्या तिघी पहिलीच्या आणि धाकट्या दोघी बीनाच्या, हा हिशेब आम्हाला बऱ्याच उशिरा कळला, कारण आमच्या घरातही तो कुणी करत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चुलत-आते भावंडे पाच भूमिका वाटून घेत असू; चष्मा एकट्या चुलत भावालाच असल्यामुळे त्याला राधिका व्हावे लागे आणि तो रडकुंडीला येई. शेजारची पूजा आंटी 'आंटी मत कहो ना' असे लाडिकपणे म्हणे, ते आम्ही समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंवर वापरून पाहिले. त्याची तक्रार आईपर्यंत गेली आणि तो विषय तिथेच संपला. राधिकेची भूमिका काही काळ विद्या बालनने केली होती. आम्हाला त्या वयात तिच्या चष्म्यापलीकडचे काहीही दिसले नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या राधिकेमुळे आमच्या घरी एक अडचण होत असे. तिला ऐकू न आल्याने होणारे विनोद मालिकेत वारंवार येत, आणि अण्णांच्या कानातही यंत्र होते. तसा प्रसंग आला की कुणीही हसण्याआधी एकदा अण्णांकडे पाही. अण्णा आरामखुर्चीत, तसबिरीकडे पाठ करून बसत. आपल्याकडे पाहिले जात आहे हे त्यांना समजे, आणि मग ते स्वतःच आधी हसून आम्हाला परवानगी देत. मात्र चौकटीतली बाई बोलू लागली की त्यांचा हात यंत्राच्या लहानशा चाकावर जाई. त्यांनी आवाज वाढवला की बंद केला, हे आम्हाला कधीच कळले नाही. आणि हे त्यांना विचारता येईल, असे आमच्या घरातले वळण नव्हते.

चौकटीतली बाई म्हणजे प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांची ही मुलगी दहा वर्षांपूर्वी दूरदर्शनवर 'रजनी' म्हणून घराघरांत पोचली होती. पदर खोचून कार्यालयांत शिरणारी, टेबलापलीकडच्या माणसाला जाब विचारणारी, सामान्य ग्राहकाच्या वतीने भांडणारी ती गृहिणी आमच्या आईच्या पिढीला फार आवडली होती. त्या रजनीला आता फक्त मानेपासून वरचा भाग उरला होता. हातवारे नाहीत, चालणे नाही, उंबरा ओलांडणे तर नाहीच. भुवया, डोळे आणि आवाज एवढ्याच भांडवलावर ती साऱ्या घरादाराला पुरून उरे. आई म्हणे, "बाईला मारून भिंतीवर टांगली, तरी ती गप्प बसली नाही बघ." यात आईला नक्की कशाचा आनंद होत होता, ते मी स्वतःचा संसार सुरू झाल्यावर मनाशी जुळवले.

आजीला मात्र मालिका आवडूनही तिच्याबद्दल एक मोठी तक्रार होती. एकदा चौकटीतली बाई नवऱ्याशी बोलत होती आणि खाली वावरणाऱ्या बीनेला त्याचा पत्ताच नव्हता. आजीने लसणाचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "हे काही खरं नाही. ती मेली ह्याच्याशी काय बोलेल? बोलेल ती हिच्याशी. घर आता हिच्या ताब्यात आहे ना!"

त्यानंतर आम्ही लक्ष ठेवू लागलो, आणि जे आमच्यासमोर रोजच घडत होते ते प्रथमच ऐकू आले. पदराच्या टोकाने तसबिरीची काच पुसताना, दिवेलागणीला उदबत्ती ओवाळताना, फडताळातून पापडाचा डबा काढताना, आजी थोरलीशी बोलत असे. ती तिला 'अक्का' म्हणे. त्यात भक्ती नव्हती आणि भीतीही नव्हती. एका घरात दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बायका पाळी बदलताना बोलतात तसे ते बोलणे होते. "अक्का, आज ह्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली." "थोरल्याची बदली झाली, आता सोलापूरला जाईल." "दूध नासलं बघ पुन्हा." उत्तराची ती वाट पाहत नसे, पण मध्ये तेवढी जागा सोडत असे. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी, एका सवाष्णीला जेवायला बोलावले जाई, तेव्हा पुरणात वेलदोडा कमी घालायचा हे आजी कटाक्षाने पाही, कारण अक्कांना तो आवडत नव्हता असे तिला तिच्या सासूने सांगितले होते. ज्या बाईला तिने एकदाही पाहिले नव्हते, तिच्या आवडीनिवडी तिला अशा तोंडपाठ होत्या.

'हम पांच' 1999 मध्ये संपली. ती ज्या बालाजी टेलिफिल्म्सने काढली होती, त्याच संस्थेने 2000 साली सासू-सुनांच्या लांबलचक मालिकांचे युग सुरू केले. एवढी खळखळून हसवणारी मालिका ज्या घरातून आली, त्याच घरातून पुढे इतके अश्रू यावेत, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. आजीने त्याही मालिका पाहिल्या, पण तिने त्यांना कधी मनापासून मानले नाही. "यात मेलेली माणसं परत येतात," ती म्हणे, "पण धड गप्पा मारत नाहीत."

प्रिया तेंडुलकर 2002 च्या सप्टेंबरात गेल्या. बातमी वर्तमानपत्रात आली, आईने ती वाचून दाखवली, आणि आजी काही बोलली नाही. पितृपंधरवडा तोंडावर आला होता. नवमीच्या दिवशी सकाळी तसबीर खाली उतरवून, राखेने चौकटीचे पितळी कोपरे घासून, काच पुसता पुसता तिने ती बातमी जिथे द्यायची तिथे दिली. "अक्का, टीव्हीतली ती गेली गं. लहानच होती."

पुढे 2004 साली अण्णा गेले आणि 2011 साली आजी. तिच्या तसबिरीसाठी फोटो शोधताना लक्षात आले की, तिचा एकटीचा असा फोटो कुणी काढलाच नव्हता. शेवटी चुलत भावाच्या मुंजीतल्या एका घोळक्यातून तिचा चेहरा वेगळा काढायचे ठरले. त्या फोटोत ती कुणाला तरी काही सांगत होती, त्यामुळे तोंड अर्धवट उघडे राहिले होते आणि एक भुवई वर गेली होती. फोटोच्या दुकानातल्या मुलाने संगणकावर तो चेहरा मोठा करून पाहिला आणि फार आदबीने विचारले की, ओठ मिटवून देऊ का, वेगळे पैसे पडणार नाहीत, तसबिरीत ते बरे दिसते.

थोरले काका तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि काही कारण न देता, नको म्हणून सांगितले.