विश्वासघाताचा दावा

गेल्या आठवड्यात माझी मावसबहीण सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातून थेट आमच्या घरी आली. तिच्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नवऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या छापील प्रती होत्या आणि काही ओळींखाली तिने लाल शाईने रेघा ओढल्या होत्या. "ताई, त्या बाईवर केस करता येते का गं?" एवढेच तिने विचारले.

फौजदारी मार्ग आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, आणि ते योग्यच झाले, कारण त्या कलमाखाली तक्रारीचा हक्क फक्त नवऱ्याला होता. फसवल्या गेलेल्या बायकोला तो कधी मिळालाच नव्हता. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार मात्र व्यभिचार हे आजही घटस्फोटाचे कारण आहे.

तिचा प्रश्न नुकसानभरपाईचा होता. पती-पत्नीमधील प्रेमसंबंध जाणूनबुजून तोडणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीविरुद्धचा असा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले. पण तो दावा ऐकून घेण्यापुरता निर्णय होता, भरपाई देण्याचा नव्हे. शिवाय नवऱ्याने स्वखुशीने, कोणाच्याही भरीला न पडता तो संबंध ठेवला असेल, तर दोष तिसऱ्या व्यक्तीवर ढकलणे फार कठीण जाते. हे मी तिला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या लाल रेघांकडे पाहत राहिली.