न दुखणारा अंगठा

ऑगस्टमध्ये साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात सोमवार हा पायांचा वार असतो. सप्टेंबरातल्या हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीला मंडळी रविवारी यवतेश्वरचा घाट गाठतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत येतात. २१ किलोमीटरांत जाताना चढ, येताना उतार. चढाला दम लागतो, पण बोटांची वाट लावतो तो उतार. पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठा दर पावलाला आपटतो, नखाखाली रक्त साकळतं. त्यात पाऊस, ओले मोजे, बेचक्यांत चिखल्या. माझं पाठ झालेलं कीर्तन असतंच: बूट संध्याकाळी घ्या, बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवा, नखं सरळ कापा, सुती मोजे नकोत, उतरण्याआधी लेस वरच्या भोकातून ओवून टाच आवळून घ्या.

त्या सोमवारी पन्नाशीचे एक काका आले. आले म्हणजे, काकूंनी आणले. "मोजा धुवायला घेतला तर रक्तानं कडक झालेला. यांना पत्ताच नाही!"

नख काळंजांभळं, एका कडेनं उचकटलेलं. असं नख असं ठणकतं की माणूस रात्रभर झोपत नाही. काका निवांत झोपले होते. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, फुटलेला फोड. बूट बरोबर आणले होते, म्हणून सहज आत हात घातला. हरभऱ्याएवढी खडी.

"काका, ही घेऊन घाट उतरलात?"

"कुठली खडी?"

मी फोड धुवत होते आणि ते मला टायमिंग सांगत होते.

ड्रॉवरमधून नायलॉनचा धागा काढला. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. काकांना डोळे मिटायला सांगितलं, "लागला की हो म्हणा." धागा तळव्यावर टेकवला, वाकला. काका गप्प. दुसरी जागा, तिसरी. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, लावा की आता."

साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, म्हणून हाताच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर. पूर्वी कधी तपासलीच नव्हती. पळणाऱ्याला कसली शुगर, हा समज आमच्याकडे भलता पक्का आहे. मधल्या काळात वजन झपाट्यानं उतरलं, ते पळण्यामुळेच असं धरून काकांनी शेजारीपाजारी कंदी पेढे वाटले होते. स्वतःही खाल्ले असणारच.

फिजिशियनला चिठ्ठी लिहिली, ड्रेसिंग केलं, त्या पायावर भार नको म्हणून बजावलं. रोज रात्री आरशात तळवे बघायचे, बूट झटकून आत हात फिरवल्याशिवाय पाय घालायचा नाही.

"मग सप्टेंबर?"

"जखम भरेपर्यंत पळायचं नाही. नख पूर्ण यायला तर वर्ष-दीड वर्ष जाईल."

"नखाची घाई नाही हो मला. फी भरलीय."

काकूंनी बुटांची पिशवी उचलली आणि विचारलं, "शुगरची तपासणी उपाशीपोटी ना? उद्या सकाळीच नेते."