युजीन ते कॉर्व्हॅलिस : चाळीस मैलांवरचे प्रतिस्पर्धी

ओरेगन राज्यातल्या विलॅमिट नदीच्या खोऱ्यात युजीन आणि कॉर्व्हॅलिस ही दोन विद्यापीठांची गावे एकमेकांपासून जेमतेम 40 मैलांवर वसलेली आहेत. युजीनमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगन आणि कॉर्व्हॅलिसमध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी. दोन्ही सरकारी, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या, आणि त्यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना 1894 पासूनचा. हिल्सबरोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची मुलगी ओरेगन स्टेटमध्ये अभियांत्रिकी शिकते. तिच्या आग्रहामुळे 20 सप्टेंबर 2025 चा युजीनमधला सामना मला पाहायला मिळाला आणि पाठोपाठ तिचे कॉर्व्हॅलिसही पाहून झाले. या दोन गावांमध्ये अलीकडे जे घडले आहे, ते स्टेडियमच्या आत बसून पूर्ण दिसत नाही; त्यासाठी दोन्ही गावे पाहावी लागतात.

युजीनला आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो आणि सर्वात आधी हेवर्ड फील्ड पाहिले. 2022 ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा येथे झाली होती. नीरज चोप्राने भालाफेकीचे रौप्यपदक येथेच मिळवले आणि आपल्या बीडचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत याच मैदानावर धावला. कुंपणाबाहेरून तो ट्रॅक पाहताना ऊर भरून आला. गावावर नाइकीची छाप जागोजागी जाणवते. कंपनीचे एक संस्थापक फिल नाइट हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असून खेळांसाठी त्यांनी दिलेला पैसा इमारतींवरूनच कळतो.

सामन्याच्या दिवशी विद्यापीठाच्या बाजूने हजारो माणसे नदीवरच्या पादचारी पुलावरून ऑटझन स्टेडियमकडे चालत निघतात. हिरव्या-पिवळ्या गर्दीत नारिंगी-काळे सदरे तुरळक दिसत होते. भाचीचा सदरा त्यांपैकी एक, आणि तिला कोणी वावगे बोलले नाही. खरे सांगायचे तर मला तेच खटकले. पूर्वी या पुलावर नारिंगी सदरा दिसला की चिडवाचिडवी ठरलेली असे, असे ती सांगत होती. वाहनतळात एका वृद्ध जोडप्याने आम्हाला फराळाला बोलावले. यजमान कॉर्व्हॅलिसला वनशास्त्र शिकलेले, तर बाई युजीनच्या पदवीधर. त्यांच्या गाडीच्या एका खिडकीला नारिंगी आणि दुसऱ्या खिडकीला हिरवा झेंडा होता. "पूर्वी हा सामना थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरअखेर असायचा. मुले-नातवंडे घरी आलेली असायची, निम्मे घर माझ्याकडे, निम्मे हिच्याकडे. आता कॉलेज सुरू व्हायच्या आधीच उरकतात," असे यजमान म्हणाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. दोन्ही विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबर संपता संपता सुरू होतात. म्हणजे ज्या सामन्यासाठी विद्यार्थी वर्षभर वाट पाहत, तो आता निम्मे विद्यार्थी वसतिगृहात यायच्या आतच होऊन जातो.

सामना ओरेगनने 41-7 असा जिंकला. आदल्या वर्षी कॉर्व्हॅलिसमध्येही 49-14 असा ओरेगनच्याच बाजूने निकाल लागला होता. उत्तरार्धात नारिंगी कोपरा रिकामा होऊ लागला आणि यजमान प्रेक्षकांनाही विजयाचे फारसे अप्रूप वाटताना दिसेना.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी कॉन्फरन्स ही व्यवस्था जाणून घ्यावी लागते. अमेरिकेतील विद्यापीठांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. वेळापत्रक, विजेतेपद आणि मुख्य म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे या गटांमार्फत ठरतात. 1915 मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स ज्या 4 संस्थांनी स्थापन केली, त्यांपैकी 2 संस्था म्हणजे ही दोन गावे. मधली थोडी वर्षे सोडली, तर पुढे शंभर वर्षे दोघी एकाच गटात राहिल्या. त्याचेच पुढे पॅक-12 झाले. 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन मोठ्या विद्यापीठांनी बिग टेन या श्रीमंत कॉन्फरन्सकडे जाण्याचे जाहीर केले, नंतर पॅक-12 ला दूरचित्रवाणीचा समाधानकारक करार मिळेना, आणि 4 ऑगस्ट 2023 रोजी ओरेगन व वॉशिंग्टन या दोघांनीही बिग टेनचा रस्ता धरला. बाकीचेही पांगले. शेवटी पॅक-12 मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच उरले, आणि गटाचा कारभार आपल्या हाती राहावा म्हणून त्यांना न्यायालयात जावे लागले.

मुंबई आणि महाराष्ट्र हे रणजीतले दोन संघ एका गटात आले तरच त्यांची साखळीत गाठ पडते, हे आपण जाणतो. पण तेथे गट मंडळ ठरवते आणि पुढच्या मोसमात तो बदलूही शकतो. येथे शेजाऱ्याने स्वतःहून घर बदलले आहे.

एका गटात असल्याने विरोधक सारखे आणि मोजपट्टीही एकच होती. त्यामुळे दुबळ्या वर्षातही ओरेगन स्टेट शेजाऱ्याचा मोसम उधळून लावू शकत असे. 2000 मध्ये त्यांनी 23-13 असा विजय मिळवून ओरेगनची रोझ बोल या नववर्षाच्या मानाच्या सामन्याची संधी घालवली. 2009 मध्ये तर जिंकेल तो रोझ बोलला जाणार अशी स्थिती होती आणि ओरेगनने 37-33 अशी बाजी मारली. 2022 मध्ये 31-10 असे मागे पडूनही ओरेगन स्टेटने 38-34 असा सामना खेचून घेतला आणि ओरेगनला गटाच्या अंतिम सामन्यापासून वंचित ठेवले. अगदी 1983 चा पावसात 0-0 असा सुटलेला आणि अतिशय रटाळ म्हणून गाजलेला सामनाही लोक आवडीने सांगतात. आजचा सामना कोणीही जिंकला तरी दोघांच्याही गटातल्या स्थानात काडीचाही फरक पडत नाही. माझ्या मते मोठ्या फरकाच्या पराभवापेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण संघ पुन्हा बांधता येतो, पण सामन्याला आलेले परकेपण सहज जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या 99 पश्चिम महामार्गाने कॉर्व्हॅलिसकडे निघालो. जंक्शन सिटी, मन्रो अशी छोटी गावे, हेझलनटच्या बागा आणि कापणी झालेली गवताच्या बियाण्यांची पिवळी शेते मागे टाकत रस्ता जातो. अंतर इतके थोडे, की गप्पा रंगायच्या आत गाव येते.

कॉर्व्हॅलिसचे रीझर स्टेडियम पाहून मला खरेच वाईट वाटले. त्याची पश्चिम बाजू 16 कोटी डॉलरहून अधिक खर्चून नव्याने बांधली गेली. काम ठरले तेव्हा पॅक-12 शाबूत होती, आणि 2023 मध्ये नवी बाजू पूर्ण झाली त्याच मोसमात गट मोडला. त्या नोव्हेंबरमध्ये ओरेगनशी झालेल्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जोनाथन स्मिथ हे मिशिगन स्टेटला, म्हणजे बिग टेनमध्येच गेले. 2000 च्या त्या विजयी संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे खेळाडू, हेच स्मिथ होते. चांगले खेळाडूही गेले. महिला बास्केटबॉल संघ 2024 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांत पोहोचला होता. त्यानंतर त्यातल्या प्रमुख मुलींनी मोठ्या कॉन्फरन्समधली विद्यापीठे गाठली. राज्यातल्या होतकरू मुलाला किंवा मुलीला दोन्ही गावे पूर्वी एकाच पायरीवरची वाटत, आज तसे वाटत नाही.

"पण मावशी, आम्ही संपलो असं कोणी म्हटलं तर मला नाही चालणार," असे म्हणत भाचीने मला गिल कोलिझियम या बास्केटबॉलच्या बंदिस्त स्टेडियमकडे नेले. ते रास्तच होते. उरलेल्या मुलींनी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुण्या म्हणून खेळत पहिल्याच वर्षी, 2025 मध्ये, त्या गटाची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंडला 59-46 असे हरवले. एकाच राज्यातले दोन संघ एका विजेतेपदासाठी भिडले, आणि त्यात युजीन नव्हते. बेसबॉल संघाला तर त्या वर्षी कॉन्फरन्सच नव्हती, तरीही तो ओमाहात खेळणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांत पोहोचला.

या दोन गावांच्या चुरशीचे एक चिन्हही आहे. ओरेगनचे बोधचिन्ह बदक आणि ओरेगन स्टेटचे बीव्हर. म्हणून अर्धे बदक आणि अर्धे बीव्हर दिसणारा प्लॅटिपस हा प्राणी, अशी मॅपलच्या लाकडात 1959 मध्ये कोरलेली ट्रॉफी. कित्येक दशके ती हरवलेली होती आणि 2005 मध्ये सापडली. आता ट्रॉफी आहे, पण सामन्याचा भरवसा नाही. बिग टेनमध्ये 12 पैकी 9 सामने गटातच खेळावे लागतात, उरलेल्या तिनांत शेजाऱ्याला जागा मिळायला हवी, आणि 2026 च्या वेळापत्रकात ती मिळालेली नाही. 1945 पासून अखंड चाललेली मालिका त्या वर्षी तुटते आहे. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना असाच 2011 नंतर थांबला, तो थेट 2024 मध्ये दोघे पुन्हा एका कॉन्फरन्समध्ये आल्यावरच सुरू झाला. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र दोन्ही विद्यापीठांनी 2028 पर्यंतचा लेखी करार करून ॲपल कप हा आपसातला सामना राखला आहे.

परतताना सेलमला राज्याच्या विधानभवनाजवळ आम्ही चहासाठी थांबलो. दोन्ही विद्यापीठे ज्या राज्याची आहेत, त्याने त्यांच्याकडे वॉशिंग्टनसारखा करार मागावा, असे मला मनापासून वाटते, आणि भाचीलाही ते पटले. तिने मात्र तेवढ्यात हिवाळ्यातल्या पोर्टलंडविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्याची तारीख शोधून काढली होती आणि आईवडिलांना त्याची तिकिटे काढायला सांगत होती.